खारीचा विमा

गाईम्हशींचे मृत्यूदावे निकाली काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. सांगली जिल्ह्यातले जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे दुष्काळी तालुके माझ्याकडे होते आणि कंपनी सरकारी होती. १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, पुढे एकात्मिक ग्रामीण विकासाच्या योजना आल्या, आणि जनावराचा विमा गावोगाव पोचला. बँकेने कर्ज दिलं की म्हैस यायची, म्हैस आली की तिच्या कानात बिल्ला यायचा, आणि बिल्ल्याच्या मागोमाग आम्ही. नियम एका ओळीचा होता: बिल्ला नाही तर दावा नाही. जनावर मेलं की पशुवैद्यकाचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल, पंचनामा, आणि या सगळ्याला जोडलेला तो बिल्ला, बहुधा कानाच्या तुकड्यासकट. उन्हाळ्यात ती पाकिटं उघडायची वेळ आली की शिपाईसुद्धा चहाला निघून जायचा.

हे आठवायचं कारण माझी मुलगी. ती आणि जावई पुण्यात बाणेरला असतात, दोघंही कॉम्प्युटरच्या नोकरीत, आणि त्यांच्याकडे खारी नावाची कुत्री आहे. जात कुठली असं विचारलं तर मुलगी ‘इंडी’ म्हणते. आमच्याकडे गावठी म्हणतात. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडली, रंग खारी बिस्किटासारखा, म्हणून खारी. मध्यंतरी तिने दाणे खाऊन टाकलेलं मक्याचं कणीस अख्खं गिळलं. ते आतड्यात अडकलं आणि पोट उघडायची वेळ आली. रात्री अकराच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले तेव्हा मुलीने विचारलं, “वाचेल ना?” आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत जावयाने विचारलं, “अंदाजे किती खर्च येईल?” खारी वाचली, टाके निघाले, ती पुन्हा कचऱ्याच्या डब्यात तोंड घालायला लागली. तो दुसरा प्रश्न मात्र घरात अजून पडून आहे.

मग मुलीचा फोन. “बाबा, तू जन्मभर हेच केलंस. खारीचा विमा काढू का? पैसे वसूल होतात का त्यात?”

हिशेब आधी उरकतो. तिने जी पॉलिसी पाहिली होती तिचा वर्षाचा हप्ता साडेसहा हजारांच्या घरात होता. शस्त्रक्रिया आणि दवाखान्यात दाखल होण्याचा खर्च पन्नास हजारांपर्यंत. कुत्री मेली तर एक ठरीव रक्कम, हवी असल्यास. ती कुणाला चावली किंवा तिच्यामुळे कुणाला इजा झाली तर त्या तिऱ्हाइताला द्यावी लागणारी भरपाई. आणि मग अटी. सुरुवातीचे काही आठवडे आजारपणाला काही मिळणार नाही. आधीपासूनचं दुखणं बाद. लस चुकवली आणि त्याच रोगाने गाठलं तर बाद. दात बाद. प्रत्येक बिलातला काही हिस्सा आपला. ठरावीक वय झालं की नूतनीकरण नाही, ही शेवटची अट मला सगळ्यांत खुपली. मूत्रपिंड, हृदय, सांधे, गाठी, कुत्र्याची ही सगळी मोठी दुखणी उतारवयातली. ज्या वयात गरज पडणार नेमकं तिथेच कंपनी राम राम करून निघते. स्वीडनमध्ये १९२४ पासून कुत्र्यांचा विमा निघतो आहे आणि तिथली बहुतेक कुत्री विमाधारक आहेत; अमेरिकेत १९८२ मध्ये अशी पहिली पॉलिसी टीव्हीवरच्या लॅसीला दिली. आपल्याकडे हा प्रकार अजून बाळसं धरतो आहे, तेव्हा अटी अशाच असणार.

आमच्या धंद्यातला जुना नियम असा, की जे नुकसान खिशाला सोसतं त्याचा विमा काढू नये. हप्त्यातला काही भाग कचेरीचं भाडं, दलाली आणि जाहिरात यांत जातोच. सोसवणाऱ्या नुकसानीसाठी तो का द्यायचा? पन्नास हजार माझ्या मुलीला सोसतात. त्यांच्या सोसायटीच्या फाटकावरच्या राखणदाराला ते सोसणार नाहीत, त्याच्या खुर्चीखाली रोज एक कुत्रं झोपतं, पण त्याला कुणी पॉलिसी विकायला जात नाही. तेव्हा हिशेबाने उत्तर ‘नको’ असं निघालं आणि विषय संपायला हवा होता.

पण मुलीला हिशेब नको होता. आकडा न विचारता डॉक्टरांना ‘करा’ म्हणता यावं, एवढंच तिला हवं होतं. साडेसहा हजारांत तेवढं मिळत असेल तर महाग नाही. मिळतं का? या पॉलिसीत तरी बिल आधी आपण भरायचं, मग कागद पाठवायचे, मग पैसे. म्हणजे रात्री अकरा वाजता कार्ड आपलंच पुढे करायचं. जावयाचा प्रश्न विम्याने मिटत नाही, पुढच्या महिन्यात थोडा हलका होतो. आणि जावयाच्या बाजूने एक बोललं पाहिजे: कुणाला तरी आकडा विचारावाच लागतो. मी नोकरीभर दुसरं काय केलं?

जत तालुक्यात एका वस्तीवरची म्हैस सर्पदंशाने मेली होती. मी पोचलो तेव्हा तिच्यावर गोणपाट घातलेलं, लिंबाखाली खड्डा खणून तयार, आणि गोठ्याच्या दारात घरची म्हातारी बसलेली. डॉक्टरांनी पिशवीतून सुरी काढली तशी म्हातारी उठली. “तिच्या दुधावर पोरं मोठी झाली सायेब, आन् आता तिचा कान कापू व्हय?” मुलगा समजावत होता, आये, पैसे अडकतील, बँकेचा हप्ता कोण भरणार. म्हातारी हलेना. तिला पैसे नको होते असं मुळीच नाही. कर्ज तिच्याही डोक्यावर होतं. शेवटी डॉक्टरांनी शेजाऱ्याकडून पक्कड मागवली, बिल्ल्याची मागची खीळ तोडली आणि बिल्ला मोकळा काढला. मी चार माणसांदेखत फोटो घेतला. कान म्हशीबरोबर मातीत गेला. पुढे वरच्या कचेरीतून शेरा आला, कानाचा तुकडा का जोडला नाही? मी उत्तर लिहिलं. पुन्हा शेरा आला, पुन्हा लिहिलं. दावा मंजूर झाला, उशिरा.

धर्मशास्त्रावरची पुस्तकं मी निवृत्तीनंतर वाचली, पण इतका नेमका भेद त्यांत क्वचितच दिसला. जनावराची किंमत घ्यायला म्हातारीची हरकत नव्हती. ज्या देहाचं दूध प्यालो त्या देहाचाच पुरावा करायला होती.

विम्याच्या कायद्याला जनावर म्हणजे मालमत्ता. म्हैस मेली तर मालकाचं नुकसान किती? तशीच दुसरी आणायला लागतील तेवढे रुपये. दुधाच्या लिटरवरून, वेतावरून ते ठरतं, आणि म्हशीच्या बाबतीत हे अगदीच खोटं नाही. दुसरी म्हैस येते, दूध सुरू होतं, कर्ज फिटतं. खारीच्या फॉर्मवरसुद्धा खरेदी किमतीचा रकाना होता. मुलीने तिथे शून्य लिहिलं. शून्यावर मृत्यूचं कवच कसं बेतायचं ते फोनवरच्या मुलाला कळेना. “मॅडम, काहीतरी टाका ना,” म्हणाला.

आमचे वडील वारकरी. त्यांनी जन्मात विमा काढला नाही. मी विमा कंपनीत लागलो तेव्हा गल्लीत पेढे वाटले, पण स्वतःच्या नावाने पॉलिसी घेऊ दिली नाही. विठोबा बघतो आहे ना, मग हे मधले कागद कशाला, असं त्यांचं म्हणणं. याच जातकुळीचा माणूस मला पुढे गांधींच्या आत्मकथेत भेटला. मुंबईत असताना एका अमेरिकन एजंटाच्या गोड बोलण्यावर त्यांनी दहा हजारांचा आयुर्विमा उतरवला, आणि दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर विचारांती हप्ते थांबवून तो बुडू दिला. त्यांची कारणं मुख्यतः दोन. ईश्वर सांभाळणारा असताना ही तजवीज म्हणजे त्याच्यावरचा अविश्वास, हे एक. दुसरं असं, की बायकोमुलं स्वतःच्या पायावर उभी राहणार नाहीत असं मी का धरून चालू? जगातल्या असंख्य गरिबांच्या घरचे कर्ते जातातच की.

पहिल्या कारणावर वाद घालण्याइतका माझा अधिकार नाही. दुसरं तपासून पाहता येतं, आणि कुत्र्यापाशी ते टिकत नाही. मुलं मोठी होतात, कमावती होतात. खारी दहा वर्षांची झाली तरी स्वतःच्या पायावर उभी राहणार नाही, चार असून नाही. तिच्या पूर्वजांना माणसाने हजारो वर्षं उंबऱ्याशी ठेवून घेतलं आणि रानात परतायची त्यांची वाट मोडली. विमा न काढून तिला स्वावलंबन शिकवता येईल, असा युक्तिवाद गांधींनीही केला नसता.

१९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ स्थापन झालं. त्याच्या बोधचिन्हाखाली, दोन हातांनी जपलेल्या त्या ज्योतीखाली, गीतेच्या नवव्या अध्यायातलं आश्वासन छापलेलं असतं. भक्तांच्या योगक्षेमाचा भार भगवंत आपल्या शिरावर घेतो, ते. आमच्या कचेरीत यावर चेष्टा चालायची की देवाने तरी हप्ता कुठे मागितला होता? मागितला होता. त्या श्लोकाचा पहिला भाग बोधचिन्हावर नाही. तिथे अट आहे: मनात दुसरं काही न आणता जे त्याचंच चिंतन करतात, नित्य त्याच्याशी जोडलेले राहतात, त्यांच्यासाठी हे कवच. माझ्यासारख्याचा दावा पहिल्याच छाननीत फेटाळला जाईल. देवळात हात जोडलेले असतात आणि मन बाहेर चपलांपाशी.

ही अट पुरी करणारी मी खारीच पाहिली. मुलगी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तरी खारी दाराच्या फटीला नाक लावून बसते. मी शेजारी बिस्किट घेऊन उभा. ती बिस्किट खाते, खात नाही असं नाही, पण खाऊन झालं की नाक पुन्हा फटीला. लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की एक कान वर जातो, शेजारच्यांच्या चपला ओळखून खाली येतो, आणि मुलीच्या पावलाला मात्र सगळं अंग मागून हलायला लागतं. ही भक्ती, सवय की पोटाची सोय, यावर जाणत्यांनी खुशाल भांडावं. हप्ता म्हणून पाहिलं तर तो तिने भरलेला आहे, रोजच्या रोज आणि आगाऊ. हप्ता ठेवून घ्यायचा आणि जोखीम मात्र नाकारायची, हे कुठल्याही विमा कंपनीला करता येत नाही.

म्हणजे खारीचा विमा केव्हाच उतरलेला आहे. पार्किंगमधून उचलून तिला वर आणली त्या रात्री. यातली विमा कंपनी म्हणजे माझी मुलगी आणि जावई. बाजारातली कंपनी आता जे विकते आहे त्याला आमच्याकडे पुनर्विमा म्हणतात. एखाद्या कंपनीने तेलशुद्धीकरण कारखान्याचा विमा उतरवला की तेवढा बोजा तिला एकटीला पेलत नाही. त्यातला हिस्सा ती दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे उतरवते. आपल्या देशात जीआयसी हे काम करते. या व्यवहाराचा पाया असा, की मूळ विमाधारकाचा पुनर्विमा कंपनीशी कसलाही करार नसतो. तिने हात वर केले, अटीवर बोट ठेवलं, अगदी दिवाळं काढलं, तरी मूळ कंपनीचं देणं एका पैशाने कमी होत नाही. कारखानदार तिच्याच दारात उभा राहणार.

मुलीला मी हेच सांगितलं. पॉलिसी काढ नाहीतर नको काढू, खारीला त्याचा पत्ता नाही आणि तिचं तुझ्याकडचं येणं त्याने बदलत नाही. पुनर्विमा घेणं हा शहाणपणाचा भाग झाला, धर्माचा नव्हे. त्यात कसला अविश्वासही नाही, कारण ज्याने द्यायचं कबूल केलं तोच आपल्या देण्याची तरतूद करतो आहे. एवढंच बघायचं, की ती तरतूद झाली म्हणून आपण सुटलो असं वाटायला लागू नये.

सुटल्यासारखं वाटणं फार जुनं आहे. महाभारताच्या दोन्ही टोकांना कुत्रं उभं आहे. कीर्तनात शेवटचं सांगतात, पहिलं राहून जातं. पहिल्या टोकाला जनमेजय राजाच्या सत्रात सरमा या कुत्रीचं पिल्लू शिरतं आणि राजाचे भाऊ त्याला झोडपतात. पिल्लाने हविर्द्रव्याला तोंड लावलेलं नाही, तिकडे पाहिलंसुद्धा नाही. सरमा येऊन जाब विचारते, कुणी उत्तर देत नाही, आणि ती शाप देते की न दिसणारं भय तुझ्यावर येईल. विमा व्यवसायाचा सगळा कच्चा माल त्या एका शापात आहे. घाबरलेला जनमेजय काय करतो? पिल्लाकडे जात नाही. येणारं संकट परतवील असा पुरोहित शोधत हिंडतो आणि त्याला सोमश्रवा मिळतो. सोमश्रव्याचा बाप सांगतो, हा तुझ्या सगळ्या पापांचं निवारण करील, महादेवाकडून येईल तेवढं सोडून. शिवाय याचं एक व्रत आहे, ते तुला चालवून घ्यावं लागेल. कवच, अपवाद, अट, तिन्ही आले. देवाची करणी वगळण्याचं कलम आपल्याकडे इंग्रजांबरोबर आलं, असं प्रशिक्षणात शिकवायचे.

जनमेजयाने विमा काढला आणि कुत्रीचं देणं तसंच राहिलं. दुसऱ्या टोकाला त्याच्याच पणजोबांचा थोरला भाऊ आहे. हिमालयात द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम पडले, आणि हस्तिनापुरापासून मागे लागलेलं कुत्रं तेवढं राहिलं. इंद्र रथ घेऊन येतो. कुत्रेवाल्यांना स्वर्गात जागा नाही, म्हणतो. त्यांनी केलेल्या यज्ञांचं, खणलेल्या विहिरी-तळ्यांचं पुण्य क्रोधवश नावाचे देव हिरावून नेतात. जन्मभराचे हप्ते जप्त! युधिष्ठिर तरी ऐकत नाही. पुढे कुत्र्याचा साक्षात धर्म होतो आणि टाळ वाजतात, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी इंद्राने एक नेमका आक्षेप घेतलेला असतो: भाऊ सोडलेस, बायको सोडलीस, मग कुत्रंच का सुटेना? युधिष्ठिर सांगतो, मेलेल्यांशी सख्य होत नाही की वैर होत नाही. त्यांना मी परत उठवू शकत नव्हतो म्हणून पुढे आलो. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. हे जिवंत आहे आणि माझ्या आसऱ्याला आहे.

दवाखान्यातल्या टेबलाशी उपयोगी पडेल असं मला एवढ्या मोठ्या ग्रंथात हे एक उत्तर सापडलं. जिवंत आहे तोवर सोडायचं नाही. उठवता येत नाही तिथे थांबायचं नाही. अडचण अशी की युधिष्ठिराच्या वाटेवर जो पडला तो गेलाच. आता मधला टापू लांबला आहे. सलाइन, डायलिसिस, किमोथेरपी, मुंबई-पुण्यात कुत्र्यांसाठी सगळं होतं, आणि विमा असला की या टापूत नको तितका मुक्काम पडायचा संभव. माणसांच्या मेडिक्लेममध्ये मी हे जवळून पाहिलं आहे. विम्याची रक्कम शिल्लक असेपर्यंत पेशंट अतिदक्षता विभागात, आणि रक्कम संपत आली की ‘आता घरी न्यायला हरकत नाही’. पैसा नाही म्हणून लवकर सोडणं हे पाप आहेच. पैसा आहे म्हणून सोडता न येणं, याला काय म्हणायचं?

गांधींपुढे हा पेच १९२८ मध्ये साबरमती आश्रमात आला. वासरू आजारी, वेदना असह्य, उपाय उरला नव्हता. त्यांनी डॉक्टरांकरवी इंजेक्शन देऊन त्याचा जीव सोडवला आणि ते उघडपणे लिहिलं. संतापाची पत्रं आली. अहिंसा सांगणारा माणूस वासराला मारतो म्हणून. गंमत म्हणजे आमच्या रुक्ष जनावर-पॉलिसीत तेच कलम होतं. मुद्दाम मारलेल्या जनावराचा दावा नाही, पण असाध्य वेदना संपवण्यासाठी पशुवैद्यकाच्या दाखल्याने मारावं लागलं तर दावा ग्राह्य. ज्याच्यावरून गांधींनी शिव्या खाल्ल्या ते आमच्या टेबलांवर बारीक छपाईत मुकाट पडून असायचं.

एरवी आपल्या घरांत कुत्र्याला घास होता, औषध नव्हतं. श्राद्धाला काढून ठेवायच्या घासांत एक कुत्र्याचा, यमाच्या दोन कुत्र्यांच्या नावाने, पण तो घराबाहेर. आत शिरलं तर सोवळं मोडलं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आणि त्यांना वेदांचा मान. देवळाच्या पायरीवर खरंखुरं आलं की त्याला हाड. पारशांचा वेंदिदाद या बाबतीत सरळ आहे. कुत्र्याला वाईट अन्न देणं हा तिथे गुन्हा. कुत्रं पिसाळल्यासारखं वागायला लागलं तर त्याला बांधावं आणि धर्मबांधवावर करावेत तसेच त्याच्यावर उपचार करावेत. ज्याच्या जागेत कुत्री व्याली त्याने ती आणि तिची पिल्लं सांभाळावीत, मग ती त्याची असो वा नसो. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारायला माणसं सोडली तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, हिंदू नि जैन व्यापारीही त्यात आले. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळ उभा केला. असे पांजरपोळ चालायचे ते व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर बसवून घेतलेल्या लाग्यावर. सगळ्यांनी थोडं थोडं घालायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला द्यायचं, हा विमाच झाला. यात वयाची अट नाही, किमतीचा रकाना नाही, आणि मुख्य म्हणजे जनावराला मालक असायची गरज नाही.

मुलीला शेवटी दिलेला सल्ला असा. तिऱ्हाइताच्या भरपाईसाठी पॉलिसी काढ. लिफ्टमध्ये कुणाच्या पोराला दात लागला, नाहीतर तिला चुकवताना स्कूटरवाला आपटला, तर ते देणं परक्या माणसाचं, त्याला वरची मर्यादा नाही, आणि तुमच्या खारीवरच्या मायेशी त्याचा काही संबंध नाही. त्याबरोबर शस्त्रक्रियेचं कवच येतंय तर येऊ दे, पोरवयात अपघातच जास्त. मृत्यूचं कवच नको म्हण. त्या म्हातारीने कर्ज डोक्यावर असताना कान कापू दिला नाही. तुला तर कर्जही नाही. आणि हप्त्याएवढीच रक्कम यंदापासून दरवर्षी वेगळ्या खात्यात टाकायला लाग, कंपनी निघून जाईल त्या वर्षांसाठी. राहिला दवाखान्यातला प्रश्न. वाचेल का, हे तू विचार. आकडा त्याला विचारू दे, ते काम त्याचं, आणि त्याबद्दल त्याला घरी येऊन बोल लावायचा नाही. थांबायचं केव्हा, हे दोघांनी मिळून, डॉक्टर सांगतील ते ऐकून. हे आत्ता, कुत्री ठणठणीत असताना, कागदावर लिहून ठेवा. तिने लिहिलं. जावयाने सहीसुद्धा केली, बहुतेक सुटकेच्या आनंदात.

मग त्याने निराळंच काढलं. या साडेसहा हजारांत, म्हणाला, पार्किंगमधल्या कुत्र्यांचं लसीकरण होईल, एखाद-दुसरीची नसबंदी होईल. खारीची आई अजून तिथेच आहे. एकीला विमा आणि तिच्या आईला दगड, हे कसं काय? गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी माणूस ब्राह्मण, गाय, हत्ती आणि कुत्रं यांच्याकडे सारख्याच नजरेने बघतो, हे त्याने कुठून तरी ऐकलेलं होतं. ते माझ्यावर फेकलं. मी त्याला युधिष्ठिर सांगितला. हस्तिनापूरच्या सगळ्या कुत्र्यांसाठी त्याने रथ अडवला नव्हता, जे मागे चालत आलं त्याच्यासाठी अडवला.

“बाबा, पण खारी कुठे चालत आली?” तो म्हणाला. “तिला आम्ही उचलून आणली. रोज गाडीच्या मागे फाटकापर्यंत चालत येतात, ती खालची.”

याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. रॅबीजच्या लसींचे पैसे तूर्त निम्मे त्याने आणि निम्मे मी भरलेत. खारीच्या आईच्या नसबंदीचं बोलणं चालू आहे. ती पकडू देत नाही.